बेटावरच्या अक्का

ऐन लढाईत, शत्रूच्या घरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर थांबून 'कोणी आहे का घरात?' असं विचारणारी बाई साऱ्या दुनियेत एकच आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. यात मी पदरचं काही घालत नाहीये. नणंदेबद्दल भावजय बोलायला लागली की लोक आधीच चार आणे वजा करून ऐकतात, हे मला ठाऊक आहे. पण इथं वजा करायला गेलात तर तुमचंच नुकसान. लढाई फोनवरची आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच धरून बसाल. चौघांची एक टोळी करायची, विमानातून एका बेटावर उड्या मारायच्या, तिथल्या ओसाड घरांतून बंदूक, हेल्मेट, मलमपट्टीची पेटी असं सापडेल ते उचलायचं आणि दुसऱ्या टोळ्यांना गारद करत टिकून राहायचं. शेवटी जी टोळी उरेल ती जिंकली. आपला गडी जखमी होऊन पडला तर त्याच्याजवळ बसून त्याला उठवता येतं, आणि खेळता खेळता चौघांना एकमेकांशी बोलता येतं. एवढं कळलं की झालं. मलाही याहून फारसं कळत नाही. जगभरची माणसं हा खेळ दात-ओठ खाऊन खेळतात. आमच्या अक्का तो हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या खेळतात.

अक्कांचं वय बासष्ट. अंगानं ठेंगण्या, आवाजानं उंच. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणाऱ्या. पूर्वी त्या जळगावात आमच्याच गल्लीत राहायच्या, आणि तिथं आमचा चौघींचा कंपू होता: अक्का, मी, समोरची सुमन आणि कोपऱ्यावरची मंदा. चैत्र लागला की आमचे बिबडे सुरू व्हायचे. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आणि ते एकटीनं करायचं काम नव्हे. एकीनं पीठ शिजवायचं, एकीनं गोळे करायचे, एकीनं ओल्या फडक्यावर थापायचे, एकीनं गच्चीवरच्या खाटेवर नेऊन पसरायचे. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. मग गल्ली हळूहळू पांगली. अक्कांचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं मुलाकडे धुळ्याला गेली. सुमनच्या घरच्यांनी सावद्याला जाऊन केळीची शेती बघायची ठरवली. मंदानं जामनेरला किराणा दुकान टाकलं. गल्लीत उरले मी आणि माझं शिलाई मशीन. धुळ्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अक्कांचा जीव रमेना. "इथं शेजारीण दार उघडते ती कचऱ्याचा डबा ठेवायला," त्या फोनवर सांगायच्या, आणि मला त्यांच्या आवाजावरनं कळायचं की आज त्या दिवसभरात कोणाशीच बोललेल्या नाहीत. एक दिवस त्यांनी सुनेच्या फोनवर हा खेळ पाहिला. त्याच दुपारी मला फोन आला. "अगं निर्मल, चौघींनी एका जागी जमायची सोय आहे. एसटी नको, पिशवी भरायला नको. फक्त विमानातून उडी मारावी लागते." मी म्हटलं, अक्का, तुमचे गुडघे? तर म्हणाल्या, तेवढंच एक ठिकाण आहे जिथं दुखत नाहीत.

तेव्हापासून रोज दुपारी तीनला, म्हणजे भांडी आवरल्यावर आणि चहा टाकायच्या आधी, आम्ही बेटावर भेटतो. पण अक्का लगेच उडी मारू देतील तर शपथ. विमान बेटावर घिरट्या घालत असतं, बाकीच्या टोळ्या पटापट उड्या टाकून मोक्याच्या जागा धरत असतात, आणि अक्कांची हजेरी चालू असते. "बठ्ठ्या उन्यात का? जेवण झायं का?" म्हणजे सगळ्या आल्या का, जेवलात का, हे झालं की काय भाजी होती हा पोटप्रश्न. वांग्याचं भरीत असेल तर कांद्याची पात घातली होती का, हेही. एकदा मंदा चुकून बोलून गेली की दुकानात गर्दी होती, अजून जेवली नाही. झालं. अक्कांनी आम्हा सगळ्यांना एका घरात नेऊन बसवलं आणि मंदाला सांगितलं की फोन ठेव, जेवून घे, आम्ही आहोत. आता या खेळात खेळायची जागा हळूहळू आवळत येते. बाहेर राहिलेला तिथंच संपतो. ती आवळत आवळत आमच्या घरापर्यंत आली. मी ओरडतेय, अक्का, पळा. अक्का म्हणतात, तिचं ताक प्यायचं राहिलंय. त्या दिवशी एकही गोळी न लागता आमची टोळी मेली, आणि मंदा मिशीला ताक लागलेल्या आवाजात विचारत होती, काय झालं गं, जिंकलो का?

दाराचं तर विचारूच नका. अक्कांचा माइक शत्रूलाही ऐकू जाईल असाच कायम ठेवलेला असतो, कारण बारीक आवाजात बोलणं म्हणजे कोणाच्या तरी पाठीमागे बोलणं, असं त्यांचं मत. त्यामुळे 'कोणी आहे का घरात?' हे आत दबा धरून बसलेल्यालाही नीट ऐकू येतं. बाहेर पडताना त्या दार आठवणीनं ओढून घेतात. उघडं टाकलं तर कुत्रं शिरेल. बेटावर कुत्रं नाही, मांजर नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. "नसलं म्हणून काय झालं, सवय मोडते," असं उत्तर. पण गंमत बघा, या दार ओढण्यानं आम्ही दोनदा वाचलो. बंद दार दिसलं की दुसऱ्या टोळीला वाटतं इथं अजून कोणी फिरकलंच नाही, आणि ती बेसावध आत येते. आत सुमन बंदूक घेऊन बसलेली. त्यातल्या एकाला सुमननं पाडलं तेव्हा अक्का त्याला म्हणाल्या, "राग धरू नको रे भाऊ, खेळच तसा शे." तो घोगऱ्या आवाजात शिव्या देत होता, तो गप्प झाला. मग अक्कांनी गाव विचारलं. तो शिरपूरचा निघाला. मग आडनाव, मग गल्ली, मग त्याची मावशी कुठं दिलीय. पाच मिनिटांत ती मावशी अक्कांच्या सुनेच्या माहेरची शेजारीण निघाली आणि तो गडी, मेलेल्या अवस्थेत, 'येतो हं मावशी' म्हणून निरोप घेऊन गेला. शिवी दिल्याबद्दल वेगळी माफी मागून.

सामान वाटायचं काम अक्कांचं. आम्ही घराघरांतून गोळा करायचं, एका झाडाखाली आणून टाकायचं, आणि अक्कांनी वाटायचं. त्या स्वतः शेवटी घेतात, म्हणजे बहुतेक वेळा काही घेतच नाहीत आणि तवा घेऊन हिंडतात. या खेळात तवासुद्धा हत्यार आहे, आणि अक्कांना तो हातात बरा वाटतो. त्यांचं बघून बाकीच्याही तसल्याच झाल्या. एकदा एकच चांगलं हेल्मेट सापडलं. सुमन मंदाला म्हणते, तुम्ही घ्या. मंदा म्हणते, अगं तू लहान आहेस, तू घे. छे छे, मला काय करायचंय. असं कसं, तुझ्या डोक्याला काही नाहीये. त्या आग्रहात दोघी भर माळावर समोरासमोर उभ्या, मध्ये हेल्मेट पडलेलं, आणि टेकडीवरून कोणीतरी दोघींना एकाच दमात आडवं केलं. मी कपाळावर हात मारला. अक्का मात्र समाधानानं म्हणाल्या, "गेल्या ते गेल्या, पण कोणी कोणाच्या तोंडचं ओढून नाही ना घेतलं?"

आणि दोन नियम असे की ते मोडले तर अक्कांचा खरोखर चेहरा उतरायचा. चेहरा दिसत नव्हता, पण आवाजाचाही चेहरा असतो. पहिला नियम पंगतीचा. आपण मेलो म्हणून खेळ बंद करून निघून जायचं नाही. शेवटची बाई खेळत असेल तोवर बाकीच्यांनी बसून राहायचं. एकीचं पान भरलेलं असताना दुसरीनं हात धुवायला उठणं ही काय रीत झाली? दुसरा नियम बिबड्यांचा. आमच्या गच्चीवर फडक्यावरून काढताना एखादा बिबडा फाटायचाच. तो कोणी थापला होता, हे विचारायचं नाही. फाटलेला बिबडा मुकाट्यानं चौघींनी वाटून खाऊन टाकायचा. "नाव घेतलं की बिबडा नाही फाटत, बाई फाटते," अक्का म्हणायच्या. इतक्या वर्षांत त्या गच्चीवर कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. बेटावरही नाही. हरलो की 'आपण हरलो', बस.

तो नियम मोडला मी. आता सांगायला बसलेच आहे तर लपवून काय करू.

त्याचं असं झालं की एका दुपारी, आयुष्यात पहिल्यांदा, आमची टोळी शेवटच्या दोनांत आली. समोर एकच टोळी शिल्लक. मी आणि मंदा एका घराच्या गच्चीवर, हातात चांगल्या बंदुका. आता अक्का आणि सुमन तेवढ्या वर आल्या की आम्ही जिंकलो. बघते तर सुमन खाली उघड्या माळावर ढिम्म उभी. हाक मारली, उत्तर नाही. हे तिचं नेहमीचंच होतं. मध्येच ती अशी थिजल्यासारखी उभी राहायची, आणि मी मनातल्या मनात चरफडायची. आणि अक्का, वर यायच्या सोडून, मागे फिरून तवा घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघी गेल्या. मग आम्ही दोघी चौघांपुढे किती टिकणार? आम्हीही गेलो. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. सुमन परत आली आणि "काय झालं ताई?" असं विचारलं, त्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, "तू खेळतेस कशाला गं? केळीच्या खोडासारखी उभी राहतेस, तुझ्यापायी अक्का मेल्या, तुझ्यापायी आम्ही मेलो. तुला जमत नाही तर आमची दुपार कशाला नासवतेस?" मंदाच्या दुकानात कोणीतरी पाव किलो साबुदाणा मागत होतं, तेवढंच ऐकू आलं. मग सुमन म्हणाली, "बरं." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. अक्कांनी खेळातून बोलावणं पाठवलं, ते तसंच पडून राहिलं. आता या खेळात अशी सोय आहे की चौथा नसला तर खेळच कोणीतरी अनोळखी माणूस आणून बसवतो. अक्कांनी ती सोय बंद करून टाकली. रोज तीनला तिघी उडी मारायचो, चौघांच्या टोळ्यांपुढे, आणि चहाला उकळी येण्याआधी मरायचो. त्यातही झाडाखाली वाटणी व्हायची ती चौघींची. एक हेल्मेट, एक पेटी बाजूला. "हे सुमनचं," अक्का म्हणायच्या, आणि ते तिथंच टाकून आम्ही पुढे जायचो. हजेरीही चौघींची घ्यायच्या. सुमनचं नाव घेऊन थोडं थांबायच्या. त्या थांबण्याचा मला संताप यायचा, कारण ते थेट मला लागायचं. एक दिवस मी म्हटलंच, "अक्का, रोज मरण्यापेक्षा कोणीतरी दुसरी घेऊ या ना. माझी एक गिऱ्हाईक आहे, चांगली खेळते म्हणे." अक्का म्हणाल्या, "घे. तिच्यासाठी पाचवी जागा असेल तर बघ." पाचवी जागा या खेळात नसते. हळूहळू मंदाही टाळाटाळ करायला लागली. आज माल यायचाय, उद्या पाहुणे यायचेत. मला स्पष्ट दिसत होतं की सुमन नाही आली तर हे सगळं मोडणार. मला काय, माझं मशीन आहे, गल्ली आहे. पण धुळ्याच्या त्या बंद दारांमध्ये अक्कांकडे दुसरं काय होतं? त्यांची अख्खी गल्ली त्या फोनात होती, आणि ती मी माझ्या जिभेनं उठवली होती.

मी सुमनला मेसेज टाकला. 'सॉरी', आणि पुढे ते जोडलेल्या हातांचं पिवळं चित्र असतं ना, ते तीन वेळा. तिनं वाचला, उत्तर दिलं नाही. अक्कांना सांगितलं, मी माफी मागितली, आता तिचा ताठा असेल तर मी काय करू. अक्कांनी विचारलं, "ते हात कोणाचे होते?"

"म्हणजे?"

"चित्रातले. तुझे होते का?"

आखाजी आठ दिवसांवर आली होती. आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात. पण आपल्या पायानं येत नाहीत. माहेराहून कोणीतरी घ्यायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक रडेल, दारात उभी राहून वाट बघेल, पण आपणहून निघणार नाही. आणि आधी काही रुसवाफुगवा झालेला असला, तर ज्याच्याकडून झाला त्यालाच मुराळी करून धाडतात. अक्का म्हणाल्या, "बटन दाबीसन कोनी माहेरले येस का? सुमनला मुराळी लागेल." मी म्हटलं, अक्का, फोनवरच्या खेळाला मुराळी? लोक हसतील. आणि मुराळी तर भाऊ असतो, बाई कधी ऐकलीत? "खेळही बायांचा कधी ऐकला होतास?" एवढं बोलून अक्कांनी विषय संपवला. त्यांनी मला 'जा' म्हटलंच नाही. त्या तसं कधीच म्हणत नाहीत, हीच तर पंचाईत.

मुराळी रिकाम्या हातानं जात नाही. मी सुमनसाठी ब्लाउज शिवला. तिचं माप माझ्या वहीत होतं आणि वहीपेक्षा हातात होतं. पंधरा वर्षं तिचे ब्लाउज मीच शिवलेत. डाळिंबी रंगाचा, बाहीला काठ. तो, आणि अर्धा किलो शेव पिशवीत घालून मी सकाळच्या एसटीनं भुसावळला आणि तिथून सावद्याला गेले. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. ती सगळी खोडं ओळीनं उभी राहून माझ्याकडे बघताहेत, असं वाटलं. मी पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

सुमननं दार उघडलं आणि मला बघून "अगं बाई, ताई तुम्ही?" म्हणत पाण्याचा तांब्या आणायला पळाली. रागाबिगाचं नाव नाही. त्यानं मला आणखीच वाईट वाटलं. चार शब्द सुनावले असते तर मीही दोन ऐकवले असते. मी आधी ब्लाउज काढला, म्हटलं घालून बघ. तिनं घातला तर चांगला दोन बोटं ढिला. माझं माप चुकत नाही. सुमन निम्मी झाली होती. मी काही विचारणार तेवढ्यात आतल्या खोलीतून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजल्यासारखा आवाज आला, आणि सुमन बोलता बोलता, अर्धं वाक्य तोंडात ठेवून, हातातला फोन पिठाच्या डब्यावर टाकून आत गेली. बऱ्याच वेळानं आली. पुन्हा बसली, पुन्हा पेला वाजला, पुन्हा गेली. मी उठून तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले. आत तिची सासू, एक अंग लुळं पडलेली, खाटेवर. आणि सुमन त्यांना खांद्याखाली हात घालून कुशीवर वळवत होती.

फोन पिठाच्या डब्यावर, आणि बाई माळावर ढिम्म उभी.

"सांगितलं का नाहीस गं?" मी विचारलं.

"अक्कांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्या म्हणल्या, तू जाय बिनधास्त, मी तुझ्यापाशी उभी राहीन. तुम्ही एवढ्या रंगात असायच्या ताई, तुम्हाला कशाला घरचं रडगाणं ऐकवायचं?"

खाटेवरनं सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. सुमनला म्हणाल्या, "हेच का वं ते, बोंबलनारी?" म्हणजे सगळं ऐकू जात होतं. सुमन ओशाळली. मी म्हटलं, "हो काकू, तीच मी." आणि मग जे एसटीत घोकून ठेवलं होतं ते सगळं विसरले, आणि सुमनचे दोन्ही हात धरून म्हटलं, "सुमन, मी वाईट बोलले. माझं चुकलं. चल परत." एवढंच. त्या चार शब्दांना जीभ अशी जड झाली की पीठ दळणं सोपं. सुमन म्हणाली, "नाही ताई. पुन्हा पेला वाजणार, पुन्हा मी उठणार, पुन्हा तुम्ही हरणार. माझ्या जागी आता कोणी आली असेल ना, तिलाच ठेवा."

तीन वाजत आले होते. मी माझा फोन काढला, खेळ उघडला आणि तिच्यापुढे धरला. अक्का आल्या होत्या, मंदाही आली होती. चौथी जागा मोकळी होती. "बारा दिवस," मी म्हटलं. "रोज तुझ्या नावाचं हेल्मेट झाडाखाली पडतं. मी दुसरी आणते म्हटलं तर बाई आणू देत नाही. तू आली नाहीस तर ती म्हातारी तिघींचीच टोळी घेऊन मरत बसणार, आणि आता मंदाही सुटायला बघतेय. तुला यायचं नसेल तर तसं अक्कांना तूच सांग, माझ्यात हिंमत नाही. आणि तू हो म्हणेस्तोवर मी पाण्याला शिवणार नाही. मुराळी म्हणून आलेय." सुमननं पदर डोळ्यांना लावला. मग हसली. म्हणाली, "तुमचं पित्त खवळेल ताई, पाणी प्या आधी." मी तांब्या तोंडाला लावला आणि अर्धा संपवला. खाटेवरनं हुकूम आला, "जाय वं, खेय तू. अर्धा घंटा मी पेला नाई वाजवत."

मग त्या खोलीत, सासूबाईंच्या खाटेला टेकून, आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. सुमन खेळात शिरली. अक्का हजेरी घेत होत्या. सुमनचं नाव घेऊन नेहमीसारख्या थांबल्या, आणि इकडून सुमन म्हणाली, "आली अक्का." मग अक्कांनी नाक ओढलं आणि विचारलं, "जेवण झायं का? काय भाजी होती?" विमान बेट ओलांडून समुद्रापर्यंत गेलं होतं तोवर.

त्या दिवशी खेळलो मात्र बरं. सात टोळ्या उरल्या, मग चार. आणि ऐन वेळी पेला वाजला. सुमननं फोन गादीवर टाकला आणि उठली. मी घराच्या आडोशाला होते, एकदम सुरक्षित. काय झालं मला कोण जाणे, मी तिथून निघाले आणि माळावर सुमनच्या शेजारी जाऊन उभी राहिले. अक्का तवा घेऊन आधीच पोचल्या होत्या. पाठोपाठ मंदा, गिऱ्हाइकाला 'जरा थांबा हो' म्हणत. तिघी तीन दिशांना तोंडं करून उभ्या, मध्ये सुमन. चारही बाजूंनी गोळ्या आल्या आणि आम्ही अगदी एकदम, व्यवस्थित मेलो. सुमन परत आली तेव्हा खाली बसून पोट धरून हसत होती. सासूबाईंना काही दुखत नव्हतं, काही नको होतं. त्यांना फक्त विचारायचं होतं की जिंकल्या का.

संध्याकाळच्या एसटीनं मी जळगावला परतले. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या थोडं आधी अक्का एकट्याच आलेल्या होत्या. मी म्हटलं, अक्का, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. माझ्या तोंडावर सांगून टाकलं असतं तर बारा दिवस वाचले असते. त्या म्हणाल्या, सुमननं मला सांगितलं होतं, तुला सांग म्हणून नव्हतं सांगितलं. मग मी जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "आणि मी गेलेच नसते तर?"

"तर काय," अक्का म्हणाल्या. "तू बी हळूहळू यायची बंद झाली असती. लाज वाटली की माणूस येत नाही. मग दोन जागा धरून बसली असती मी. एक काय अन् दोन काय." मग जशी भाजी विचारावी तशा आवाजात म्हणाल्या, "पण निर्मल, माझी जागा मोकळी होईल ना कधी, तेव्हा तुम्ही एवढे दिवस धरून बसू नका. महिनाभर बसा. मग घ्या कोणीतरी. चौघी लागतात या खेळाला."

मंदा आली होती. सुमन आली होती. विमान बेटावर आलं होतं आणि खाली सगळ्या टोळ्यांच्या उड्या पडत होत्या. माझ्या डोळ्यांपुढचं सगळं पुसट झालं होतं, आणि मला एवढंच बोलता आलं:

"अक्का, गप्प बसा आणि हजेरी घ्या."